फ्रेंचच्या तासाला आमची आई

त्या दिवशी आमच्या शर्टाच्या खिशात एक अर्ज होता. अर्ज लिहिणे हे आमच्या रोजच्या सवयीचे काम. कचेरीत वीस वर्षे कारकुनी केली आणि वस्तीत जवळजवळ तितकीच वर्षे सार्वजनिक कामे केली. नळाला पाणी नाही, लिहा अर्ज. कोणाची शिष्यवृत्ती अडकली, लिहा अर्ज. तेव्हा मुलीच्या कॉलेजात फ्रेंचच्या तासाला शिकवायचे सोडून सिनेमे दाखवतात, हे कळल्यावर आम्ही दुसरे काय करणार? रात्री बसून अर्जच लिहिला. ‘विषय : अध्यापनाच्या वेळेत चित्रपट दाखवून विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत असल्याबाबत.’

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. आमची थोरली तेव्हा अकरावीला, वाणिज्य शाखेत होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम. फ्रेंचला मार्क चांगले पडतात असे कोणीतरी सांगितले, म्हणून दुसरी भाषा फ्रेंच घेतली. घेतल्यावर कळले की वर्गातली निम्मी मुले शाळेतच दोन-तीन वर्षे फ्रेंच शिकून आली आहेत. काही जण खाजगी शिकवणीला जातात. पहिल्या चाचणीत हिला वीसपैकी सहा मार्क. घरी आली आणि म्हणाली, “पप्पा, विषय बदलून द्या. मला नाही जमणार.” वर्गात काय शिकवतात असे विचारले तर म्हणाली, “आज सिनेमा पाहिला.” पुढच्या आठवड्यात विचारले, तरी तेच. तिसऱ्यांदा तेच उत्तर आले तेव्हा आमचा पारा चढला. आम्ही पोटाला चिमटा काढून फी भरायची आणि यांनी सिनेमे दाखवायचे!

अर्धी रजा टाकून कॉलेजात गेलो. म्हटले, आधी बाईंना भेटू, मग अर्ज प्राचार्यांकडे. बाई पन्नाशीच्या, साध्या. त्यांनी आम्हाला बसायला खुर्ची दिली आणि आम्ही तोंड उघडण्याआधीच मुलीची वही पुढे केली. पहिल्या धड्याखाली ‘माझे कुटुंब’ असा पाच ओळींचा स्वाध्याय होता. बाई कौतुकाने म्हणाल्या, “मुलगी कष्टाळू आहे. घरात वातावरण आहे ना! तुमच्या आई निवृत्त शिक्षिका आहेत, असं तिनं लिहिलंय.”

वाचकहो, आमची आई शिक्षिका नव्हती. आमच्या आईने चौदा हंगाम ऊस तोडला. बीड जिल्ह्यातून दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन आई-वडील निघत. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या फडावर पाचटाची कोपी, पहाटे चारला उठणे, वडिलांनी तोडायचे आणि आईने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. सही करायला ती शिकली ती आमच्या लग्नानंतर, आमच्या सौभाग्यवतीकडून.

हे सारे त्या बाईंना तिथल्या तिथे सांगायला हवे होते. सभांमधून ‘आपल्या आईबापाच्या कष्टांची लाज बाळगू नका’ असे आम्ही किती वेळा बोललो असू! पण त्या खुर्चीत बसून आम्ही नुसते हसलो आणि मान हलवली. मुलीने एक ओळ खोटी लिहिली आणि आम्ही तिच्यावर सही केली, असाच त्याचा अर्थ. खिशातला अर्ज मग खिशातच राहिला. बाई म्हणाल्या, “आता तास आहे. वेळ असेल तर मागे बसा आणि बघा.” आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो.

फळ्याशेजारी पडदा होता. सिनेमा काळा-पांढरा, 1959 सालचा. फ्रान्स्वा त्रुफो या दिग्दर्शकाचा. आंत्वान नावाचा पॅरिसमधला बारा-तेरा वर्षांचा मुलगा, त्याची शाळा, त्याचे तंग घर. आम्हाला वाटले आता दिवे मालवून दीड तास निवांत बघायचे. पण बाईंनी जेमतेम चार मिनिटांचा तुकडा दाखवला आणि त्यावर अख्खा तास घेतला. पहिल्यांदा आवाज बंद. मुलांनी नुसते बघायचे आणि काय दिसते ते फ्रेंचमध्ये मोडकेतोडके सांगायचे. भिंत, फळा, टेबल, कोपऱ्यात उभा केलेला मुलगा. दुसऱ्यांदा नुसता आवाज, चित्र झाकलेले. कानाला कळतील ते पाच शब्द वहीत टिपायचे. तिसऱ्यांदा चित्र आणि आवाज दोन्ही, खाली उमटणारी अक्षरेही फ्रेंचच, इंग्रजी नाहीत. आणि मग प्रश्न. कोण बसले आहे, कोण उभे आहे? मुले शिक्षकांना काय म्हणून हाक मारतात? आपल्याकडे असा प्रसंग कसा घडला असता?

मग बाईंनी सिनेमाच्या नावाची गंमत सांगितली. ‘ले कात्र सां कू’ या नावाचा शब्दशः अर्थ चारशे तडाखे. इंग्रजीत नाव तसेच शब्दाला शब्द लावून गेले, त्यामुळे लोकांना वाटते की यात मुलाला बेदम मार बसतो. खरे पाहता तो फ्रेंच वाक्प्रचार आहे आणि त्याचा अर्थ नाना उपद्व्याप करणे, उच्छाद मांडणे. बाई म्हणाल्या, “मराठीत आपण म्हणतो, पोरानं चांगले दिवे लावले. हे कोणी शब्दशः फ्रेंचमध्ये नेलं तर तिकडच्या माणसाला वाटेल, दिवाळी होती वाटतं!” सगळा वर्ग हसला. आमची मुलगीही हसली. फ्रेंचच्या नावाने तिला हसताना आम्ही पहिल्यांदाच पाहिले.

शब्दकोशात शब्दाचा अर्थ मिळतो. पण तो शब्द कोण, कोणाला, कसल्या आवाजात आणि कुठे उभे राहून म्हणतो, हे मिळत नाही. ते बघावे लागते. परक्या देशात जाऊन बघण्याची ऐपत नसेल त्याने सिनेमात बघावे. इतकी साधी गोष्ट आम्हाला पंचेचाळिसाव्या वर्षी कळली.

त्यानंतर मुलीकडून प्रत्येक तासाची हकिकत ऐकायचा आम्ही नेमच केला. एका आठवड्यात बाईंनी 2008 सालच्या एका सिनेमातले दोन तुकडे घेतले. दिग्दर्शक लोराँ काँते. कान महोत्सवाचा सर्वोच्च मान या सिनेमाला मिळाला. पॅरिसमधली एक शाळा, बहुतेक मुले कष्टकऱ्यांची. कोणाचे आईबाप आफ्रिकेतून आलेले, कोणाचे अरब देशांतून, कोणाचे चीनमधून. फ्रेंचचे शिक्षक झाले आहेत ते फ्रान्स्वा बेगोदो स्वतः शिक्षक होते आणि त्यांच्याच पुस्तकावरून सिनेमा निघाला. विद्यार्थीही नट नव्हेत, शाळेत शिकणारी खरी मुले.

त्यात एके ठिकाणी शिक्षक फळ्यावर उदाहरणाचे वाक्य लिहितात आणि वाक्यातल्या माणसाचे नाव ठेवतात बिल. दोन मुली हरकत घेतात. दर वेळी असलीच नावे का? आमच्यासारख्यांची नावे वाक्यात का येत नाहीत? आमची मुलगी हे सांगताना थांबली आणि म्हणाली, “पप्पा, माझ्या गणिताच्या पुस्तकात पण सावकारी करणारी, जमीन विकणारी, दुकान चालवणारी कायम तीच ठरलेली आडनावं होती. आपलं आडनाव कधी नफा-तोट्याच्या गणितात आलं नाही.” आम्ही बी.कॉम. झालो, हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेले, पण हे आमच्या कधी लक्षात आले नव्हते.

दुसरा तुकडा ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ म्हणजे तू आणि ‘वू’ म्हणजे तुम्ही. त्या सिनेमात सुलेमान नावाचा मुलगा रागाच्या भरात शिक्षकांना ‘त्यू’ म्हणतो आणि प्रकरण पार शिस्तीच्या समितीपर्यंत जाते. इंग्रजी शाळांतून आलेल्या मुलांना यात एवढे काय बिघडले हे कळेना, कारण इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द. आमच्या मुलीला मात्र क्षणात कळले. तिने सांगितले की ती आईला तू म्हणते, आजीला तू म्हणते आणि आम्हाला तुम्ही म्हणते. वाण्याला तुम्ही म्हणायचे आणि त्याच्या दुकानातल्या पोऱ्याला सगळे तू म्हणतात. बाई म्हणाल्या, “बघा, मराठी शाळेतली मुलगी इथे पुढे आहे. तिची भाषा तिला हे आधीच शिकवून बसली आहे.” त्या एका वाक्याने आमच्या लेकीची मान किती वर आली, ते आम्ही घरी पाहिले.

बाईंनी त्याला जोडून एक ऐतिहासिक गोष्ट सांगितली. 30 जून 1960 रोजी काँगो देश बेल्जियमच्या राज्यातून स्वतंत्र झाला. त्या समारंभात बेल्जियमचे राजे हजर असताना पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी फ्रेंचमध्ये भाषण केले. गुलामगिरीचा हिशेब मांडताना त्यांनी हेही सांगितले की काळ्या माणसाला ‘त्यू’ म्हटले जाई ते मित्र म्हणून नव्हे, तर ‘वू’ हा मानाचा शब्द फक्त गोऱ्यांसाठी राखलेला होता म्हणून. व्याकरणाच्या पुस्तकात ज्याची दोन ओळींत बोळवण होते, त्या सर्वनामात एवढा अपमान साठलेला असतो. आमच्या आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “फडावर मालकाचं शेंबडं पोरगं पन मला अगं-तुगं करायचं. त्यात काय नवं?”

त्याच सिनेमात सुलेमानची आई समितीपुढे येते. ती मालीची, तिला फ्रेंच येत नाही. मुलाला शाळेतून काढायचे की नाही हे ठरत असते आणि तिचे बोलणे फ्रेंचमध्ये सांगतो तो मुलगाच. आम्ही कितीतरी कचेऱ्यांत आमच्या आईचे बोलणे असे साहेबांना ‘शुद्ध’ करून सांगितले आहे, ते आम्हाला आठवले.

दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी घरी बघण्यासाठी एक माहितीपट सुचवला. 2002 सालचा, निकोला फिलिबेर यांचा. नाव ‘एत्र ए आव्वार’, म्हणजे ‘असणे आणि जवळ असणे’. फ्रेंच शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात घोकावी लागणारी ही दोन क्रियापदे. ओव्हर्न भागातल्या खेड्यातली एक शिक्षकी शाळा, चार वर्षांपासून दहा-अकरा वर्षांपर्यंतची डझनभर मुले एकाच खोलीत. मुलीने मोबाईलवर लावला आणि आम्ही सारे चटईवर बसून पाहिला. त्यात बर्फ, गाई, ट्रॅक्टर. आम्हाला वाटत होते की फ्रान्स म्हणजे आयफेल टॉवर आणि अत्तर. त्यातला ज्यूलियाँ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा घरी गुणाकाराचे गणित घेऊन बसतो. आई मदतीला येते, मग बाप येतो, मग आणखी घरची मंडळी वाकून बघतात आणि गणित काही सुटत नाही. मुलगा चुकला की आईच्या हाताची टपली बसते. आमच्या सौभाग्यवती तोंडाला पदर लावून हसू लागल्या. “हे तर आपलंच घर की!” आईला भाषा कळत नव्हती, पण तीही हसत होती.

त्या रात्री आम्ही मुलीला वहीतल्या त्या ओळीबद्दल विचारायचे ठरवले होते. धीर झाला नाही. विचारले असते तर तिने उलट विचारले असते, “मग तुम्ही बाईंना का नाही सांगितलंत?” त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर आले ते दुसऱ्या सत्रात, तेही सिनेमामार्गे. बाईंनी वर्गात ‘र्‍यू काझ-नेग्र’ या सिनेमाचा एक तुकडा दाखवला. मुलगी घरी आली ती गप्प. जेवली नाही. रात्री म्हणाली, “पप्पा, हा सिनेमा आपल्या अभ्यासिकेत दाखवू या. आजीला दाखवायचा आहे.”

मार्टिनिक हे वेस्ट इंडीजमधले बेट. ते आजही फ्रान्सचा भाग आहे. तिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून गोऱ्यांनी ऊस पिकवला. 1848 साली गुलामगिरी कायद्याने संपली. मळे मात्र त्याच मालकांकडे राहिले आणि गुलामांचे मजूर झाले. मजूर कमी पडू लागले तेव्हा 1853 पासून हिंदुस्थानातूनही करारावर माणसे नेली गेली. त्यात दक्षिणेकडचे तामिळ लोक पुष्कळ होते. त्या बेटावर जन्मलेल्या युझान पाल्सी या तरुण मुलीने 1983 साली आपला हा पहिला मोठा सिनेमा केला. जोझेफ झोबेल यांच्या 1950 सालच्या कादंबरीवरून. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मान मिळाला आणि आजीचे काम करणाऱ्या दार्लिंग लेजितिम्यूस यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा. त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती.

गोष्ट 1931 च्या सुमाराची. जोझे हा पोरका मुलगा आणि त्याची आजी, मामान तिन. मजुरांच्या झोपड्यांची एकच गल्ली. मोठी माणसे दिवसभर उसात, मुले मागे मोकाट. मेदूझ नावाचा म्हातारा संध्याकाळी जोझेला कोडी घालतो आणि आपले पूर्वज कुठून आले ते सांगतो. मुलांच्या हातून आग लागते तेव्हा मळ्यावरून हुकूम येतो, पोरांनाही कामाला लावा. मामान तिन नकार देते. माझा नातू उसात जाणार नाही. तो शाळेतच जाणार. शिक्षक फळ्यावर लिहितात की स्वातंत्र्याचे दुसरे दार शिक्षणाच्या किल्लीने उघडते. आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

रविवारी अभ्यासिकेत चादर बांधली, मंडळाच्या पोरांनी कुठून तरी प्रोजेक्टर आणला. तीसेक माणसे जमली, त्यात बायका जास्त. आमची मुलगी पडद्याशेजारी उभी राहिली आणि एकेक प्रसंग थांबवून मराठीत सांगू लागली. हीच मुलगी, जिला वीसपैकी सहा मार्क पडले होते! मध्येच ती अडली. म्हणाली, “हे मला कळत नाही. हे फ्रेंच नाही, क्रिओल आहे. त्यांची घरची बोली. शाळेत गेलं की फ्रेंच बोलावं लागतं.” आई पुढच्या रांगेत होती. मोठ्याने म्हणाली, “मंजी आपल्यावानीच. घरात येगळं, साळंत येगळं.”

आई बहुतेक वेळ गप्पच होती. मळ्यावर मजुरी वाटतानाचा प्रसंग आला, तशी तिने शेजारणीला कोपराने ढोसले. “ह्यो मुकादम हाय बघ. आता पैसं कापतंय.” मामान तिनने नातवाला उसात पाठवायला नकार दिला, तेव्हा म्हणाली, “बराबर केलं बाईनं.” आम्हाला एकदम आठवले. आम्ही सात वर्षांचे असताना मुकादम म्हणाला होता की पोराला संगे आण, वाढे गोळा करील. आईने आम्हाला मावशीकडे गावातच ठेवले, शाळेसाठी. सहा-सहा महिने आई दिसत नसे. तेव्हा आम्हाला तिचा राग येई. तो राग नक्की कधी गेला असे कोणी विचारले तर आम्ही सांगू, त्या रविवारी गेला.

पुढे जोझेला शहरातल्या शाळेसाठी शिष्यवृत्ती मिळते, पण फक्त पाव. उरलेल्या फीसाठी म्हातारी शहरात येऊन लोकांचे कपडे धुते. जोझे गरिबांच्या जगण्यावर निबंध लिहितो आणि शिक्षक भर वर्गात म्हणतात की हा तुझा नव्हे, कुठून तरी उतरवलास. नंतर शिक्षकांना आपली चूक कळते आणि शिष्यवृत्ती पूर्ण मिळते. ती बातमी घेऊन पोरगा आजीकडे जातो. पण आजी थकलेली आहे. शेवटी तो आजीचे पाय धुतो. मुलीने हा प्रसंग मराठीत सांगितला नाही. सांगण्याची गरज नव्हती. आई उठून बाहेर गेली आणि नळावर तोंड धुऊन आली.

घरी आल्यावर नात आजीजवळ बसली. वही काढली आणि एकेक विचारू लागली. मोळी म्हणजे किती ऊस? कोपीला दार असायचं का? पाचट पायाला कापतं का? आईने पाय पुढे करून खुणा दाखवल्या. त्या खुणा रोज घरात वावरत होत्या, पण त्या कशाच्या हे पोरीने कधी विचारले नव्हते आणि आम्ही कधी सांगितले नव्हते. लेकीने शब्दांची यादी केली. कोयता, मोळी, पाचट, वाढे, उचल, मुकादम. ती यादी घेऊन ती बाईंकडे गेली. काही शब्दांसाठी बाईंनाही मोठा कोश उघडावा लागला. उचल या शब्दाला फ्रेंच शब्द मिळाला, ‘आव्हांस’. पण उचल फेडता फेडता पुढचा हंगाम गहाण पडतो, ते त्या शब्दात बसत नाही, असे बाईच म्हणाल्या. आणि मार्टिनिकमध्ये ऊस तोडायच्या हत्याराला म्हणतात ‘कुतला’. हे ऐकून आई खदखदून हसली. “कुतला! कोयत्याचा भाऊच हाय की!”

त्यानंतर मुलीने वहीतली ती जुनी ओळ खोडली. खाली नवी लिहिली : माझी आजी ऊस तोडत असे. बाईंना तिने स्वतःच सांगितले की आधीची ओळ खोटी होती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी साऱ्या वर्गाला नवा स्वाध्याय दिला. आजी-आजोबांनी खरोखर काय काम केले ते घरी विचारून लिहा. पुढच्या तासाला वर्गातून काय काय निघाले! कोणाची आजी पापड लाटत होती, कोणाचे आजोबा गोदीत पोती उचलत होते, कोणाचे गिरणीत साचा चालवत होते. पाठ्यपुस्तकाच्या ‘माझे कुटुंब’ या धड्यात यातला एकही शब्द नव्हता.

मुलीने घरी हे सांगितले तेव्हा आम्हीही तिला आमची गोष्ट सांगितली, खुर्चीत बसून मान हलवल्याची. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला माहीत होतं. बाई म्हणाल्या होत्या, तुझे वडील येऊन गेले, आजीचं ऐकून हसले.” म्हणजे पोर चार महिने वाट बघत होती, बाप कधी बोलतो म्हणून. आपल्या मुलांना लाज कुठून लागते, असे आपण एकमेकांना विचारत असतो. बाहेरून लागते हे खरे आहे, पण आपल्या गप्प बसण्यातूनही लागते.

वाचकांना वाटेल की सिनेमाने मुलगी पहिली आली असेल. तसे झाले नाही. बारावीला तिला फ्रेंचमध्ये शंभरपैकी चौऱ्याहत्तर मार्क पडले. खाजगी शिकवणीच्या मुलांना याहून जास्त पडले. आजही बोलताना ती अडखळते. पण विषय बदलून मागितला नाही आणि पुढेही तिने फ्रेंच सोडलेली नाही.

आमच्याकडे आता वस्तीतले पालक विचारायला येतात, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. कोणतीही परकी भाषा असो, सिनेमाचा उपयोग करून घ्या, पण तो करमणुकीसारखा नव्हे. सगळा सिनेमा एका बैठकीत लावू नका. तीन-चार मिनिटांचा एक प्रसंग घ्या. आधी आवाजाशिवाय, मग नुसता आवाज, मग दोन्ही. खाली अक्षरे हवी असतील तर ती त्याच भाषेतली ठेवा. इंग्रजी अक्षरे आली की डोळे तिकडे जातात आणि कान झोपतात. मग मुलांनी तो प्रसंग स्वतः बोलून दाखवावा आणि शेवटी तसाच प्रसंग आपल्या घरात कसा घडेल ते लिहावे. सिनेमा आधी मोठ्यांनी बघावा. सगळेच सिनेमे मुलांना दाखवण्यासारखे नसतात.

आणि एका सिनेमावरून देश ओळखला असे मानू नका. आंत्वानच्या 1959 च्या सिनेमात बाप भर वर्गात येऊन मुलाच्या थोबाडीत मारतो आणि तास पुढे चालू राहतो. 2008 च्या सिनेमात शिक्षकाच्या तोंडून एक अपशब्द गेला म्हणून शाळा ढवळून निघते. देश तोच, भाषा तीच. मधल्या काळात माणसे बदलली. त्या भाषेत पॅरिसचा माणूस बोलतो, मालीहून आलेल्या बाईचा मुलगा बोलतो, मार्टिनिकच्या उसात राबणाऱ्या म्हातारीचा नातूही बोलतो. वीसहून अधिक देशांची ती राजभाषा आहे. ती साहेबांचीच आहे असे समजून आपल्या पोरांनी दबकून राहण्याचे कारण नाही.

तो अर्ज आम्ही दिला नाही, फाडलाही नाही. त्या दिवशी मागच्या बाकावर बसून बाईंची शिकवण्याची पद्धत आम्ही त्याच्याच पाठीमागे टिपून घेतली होती. अभ्यासिकेत दर रविवारी मुले जमतात तेव्हा तो कागद अजून उपयोगी पडतो. मागच्या महिन्यात एका नव्या मुलाने विचारले, “सर, सिनेमा संपल्यावर काय लिहायचं?” आम्ही म्हटले, “आधी घरी जा आणि आजीला विचारून ये, तिनं आयुष्यभर काय काम केलं. मग लिहू.”